हाती असलेली आणि पुढे लिहावयाची पुस्तके : वाचकांचे नेहमीचे प्रश्न

इंदूर व माळव्यातील मराठी वाचक, महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांमधले परिचित आणि अधूनमधून एखादे अभ्यासक माझ्या नव्या पुस्तकांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तो विषय अजून माझ्या मनात घोळतो आहे. जेथे सांगण्यासारखे थोडे आहे तेथे ते थोडक्यात सांगितले आहे.

सध्या कोणत्या पुस्तकाचे काम चालू आहे?

सध्या मी एक कादंबरी लिहिते आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये जो मोठा दुष्काळ पडला, त्यात नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातून बाहेर पडलेले एक मराठी कुटुंब इंदुरास येते आणि छावणीच्या बाजूला वस्ती करते, येथून तिची सुरुवात होते. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इंदुरात काम सुरू केले ते १८७७ मध्ये. त्याच दशकात खंडव्याहून इंदूरपर्यंत होळकर स्टेट रेल्वेचा मार्ग तयार होत होता, आणि त्यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. दुष्काळ, रेल्वे आणि मिशन या तीन गोष्टी एकाच वेळी घडत असताना या कुटुंबातील एक मुलगी वाढते, लिहावाचायला शिकते आणि पुढे मिशनच्या स्त्रियांच्या दवाखान्यात परिचारिका होते. कादंबरी तिची आहे.

नगरकडची माणसे माळव्यात येण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे, हे येथील मराठी वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. अहिल्यादेवी मूळच्या नगर जिल्ह्यातील चौंडीच्या. होळकरांच्या फौजेबरोबर, दफ्तराबरोबर आणि देवस्थानांबरोबर मराठी माणसे येथे आधीच स्थिरावली होती, आणि म्हणूनच माझ्या कादंबरीतील कुटुंबाला नवे शहर परके वाटले तरी बाजारातली भाषा अगदी अनोळखी वाटत नाही. परकेपणा दुसऱ्याच बाजूने येतो. बाप्तिस्मा घेतल्यावर स्वतःच्याच भाषेच्या माणसांत त्यांना जी नवी जागा शोधावी लागते, तिची गोष्ट मला सांगावयाची आहे.

नायिका परिचारिकाच का? एखादे मिशनरी किंवा पाळक का नाहीत?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मिशनचे वार्षिक अहवाल, मायदेशी पाठवलेली पत्रे, मिशनऱ्यांच्या आठवणी असे बरेच लिखित साहित्य उपलब्ध आहे, आणि ते लिहिणाऱ्यांच्या निष्ठेविषयी माझ्या मनात आदर आहे. १८८० च्या दशकात एलिझाबेथ बिट्टी आणि मॅरियन ऑलिव्हर या डॉक्टर स्त्रिया कॅनडाहून इंदुरास आल्या आणि त्यांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय काम उभे केले. त्या काळी घरंदाज बाई पुरुष वैद्यासमोर येत नसे, त्यामुळे त्यांच्या येण्याने किती जणींचे बाळंतपण सुखरूप झाले असेल याची कल्पना करता येते. या डॉक्टरांची नावे इतिहासात आहेत आणि ती असायलाच हवीत.

परंतु रात्री रुग्णाच्या उशाशी जी बसत असे, घरोघर जाऊन वाचून दाखवीत असे, कोणत्या वाड्यात कोणत्या दाराने शिरावे हे जिला ठाऊक असे, आणि डॉक्टरीणबाईंचे बोलणे जी बाळंतिणीला तिच्या भाषेत समजावून सांगत असे, त्या मराठी बाईविषयी अशा अहवालांत बहुधा एखादी ओळ सापडते. ‘आमची विश्वासू मदतनीस’ अशा धाटणीची ती ओळ असते आणि पुष्कळदा तिच्यात नावसुद्धा नसते. शुभवर्तमान या देशातल्या घरांत खरोखर शिरले ते अशा बायकांच्या पायांनी, अशी माझी ठाम समजूत आहे, आणि माझे पुढचे सगळे लेखन, कादंबरी असो वा अन्य काही, याच समजुतीतून निघाले आहे.

कादंबरीतील किती भाग खरा आहे?

काळ, ठिकाणे आणि सार्वजनिक घटना खऱ्या आहेत. कुटुंब, त्यांचे शेजारी आणि दवाखान्यातील मदतनीस कल्पित आहेत. होळकर दरबार आणि मिशन यांच्यात सुरुवातीच्या वर्षांत शहरातील प्रचारावरून जो तणाव झाला, तो कथेत येतो. रेसिडेन्सीचा भाग इंग्रजांच्या अखत्यारीत आणि शहर दरबाराच्या, अशी विभागणी असल्यामुळे एकच माणूस एका रस्त्यावर एका कायद्याखाली आणि पुढच्या रस्त्यावर दुसऱ्या कायद्याखाली वावरत असे. या विभागणीचे मूळ होळकर आणि इंग्रज यांच्यातील १८१८ च्या मंदसोरच्या तहात आहे. त्या प्रकरणात मला दरबाराला खलनायक करावयाचे नाही आणि मिशनऱ्यांना हुतात्मेही करावयाचे नाही. आपल्या शहराची शांतता राखू पाहणारा राजा आणि आपल्या श्रद्धेची आज्ञा पाळू पाहणारा उपदेशक, दोघांचीही बाजू वाचकाला कळावी, असा माझा प्रयत्न आहे.

१८९९–१९०० चा दुष्काळ, ज्याला इकडे ‘छप्पनिया’ म्हणतात कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला, हा कथेचा मध्य आहे. माळव्यात दुष्काळ पडत नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री होती. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ ही म्हण येथल्या लहान मुलालाही पाठ असते. त्या खात्रीला त्या वर्षी तडा गेला आणि रस्त्यावर अनाथ मुले दिसू लागली. स्वतः दुष्काळातून आलेली माझी नायिका आता मध्यमवयीन आहे आणि त्या मुलांना ती ज्या नजरेने पाहते ती नजर दवाखान्यातील दुसऱ्या कोणापाशी नाही. हा भाग मी अनेकदा लिहिला आहे आणि अजूनही त्यावर काम करीत आहे.

पात्रांची भाषा कोणती असेल?

निवेदन आजच्या प्रमाण मराठीत आहे. संवादांत मात्र थोरली पिढी नगरकडची बोली बोलते, नातवंडे हिंदी आणि माळवी मिसळलेली मराठी बोलतात, आणि डॉक्टरीणबाईंची मराठी जिथे अडखळते तिथे ती तशीच ठेवली आहे. महाराष्ट्रातील वाचकांना काही माळवी शब्द अनोळखी वाटतील, पण संदर्भावरून ते कळतील असे पाहिले आहे. तळटीपा देणार नाही.

उपासना हिंदीतून होत असताना तुम्ही मराठीत का लिहिता?

येथील बहुतेक मंडळ्यांची रविवारची उपासना हिंदीतून होते, हे खरे आहे. मराठी ख्रिस्ती घरांतील तरुण पिढीही प्रार्थना हिंदीतून आणि अभ्यास इंग्रजीतून करते. तरीही आजी देवाघरी गेली की अंत्यविधीच्या वेळी घरातील कोणीतरी मराठी गीत सुरू करते आणि ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांनाही ते पुढे म्हणता येते. भाषा इतकी खोल रुजलेली असेल तर तिच्यात लिहावयाचे नाही, याला मला काही कारण दिसत नाही.

शिवाय इंदूर हे मराठी साहित्याच्या बाहेरचे गाव कधीच नव्हते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे १९१७, १९३५ आणि २००१ या वर्षी भरले. या नगरीत मराठी ख्रिस्ती माणसाने मराठीत लिहिणे ही आपल्याच अंगणात बसून केलेली गोष्ट आहे, असे मी मानते.

कीर्तनाविषयीच्या पुस्तकाचे काय झाले?

ते काम बंद पडलेले नाही. कादंबरीमुळे मागे राहिले आहे. मराठी ख्रिस्ती गीत आणि कीर्तन यांच्या परंपरेवर ते आहे आणि कादंबरीनंतर तेच पूर्ण होईल.

या विषयाचा आवाका किती आहे हे थोडे सांगते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. जुन्या कराराची कथा पहिल्या भागात आणि ख्रिस्ताचे चरित्र दुसऱ्या भागात सांगताना स्टीफन्सनी आपल्या देशातला कोणताही छंद घेतला नाही. येथल्या लोकांच्या कानांत आणि ओठांत जी ओवी होती तीच घेतली. पुढे एकोणिसाव्या शतकात नगर येथे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तन हा प्रकार सुवार्तेसाठी वापरला, आणि नारायण वामन टिळकांनी अभंगाला ख्रिस्तभक्तीचे असे रूप दिले की आजही मंडळ्यांत ती गीते मनापासून गायली जातात.

यावर अभ्यासपूर्ण लेखन झालेले आहे. मला त्यात भर घालावयाची आहे ती गाणाऱ्यांच्या बाजूने. कीर्तनकार उभा राहतो तेव्हा मागे झांज धरणारा, पेटीवर बसणारा, धृपद धरणाऱ्या बायका असे बरेच जण असतात, आणि कीर्तन चढते ते त्यांच्या बळावर. नगर, जालना, नागपूर या भागांतून उत्तरेकडे आलेल्या कुटुंबांनी कोणती पदे बरोबर आणली, त्यांच्या चाली येथे आल्यावर कशा बदलल्या, कोणती पदे छापील गीतसंग्रहात आली नाहीत तरी घरात टिकली, हे मी वयोवृद्ध मंडळींकडून ऐकून टिपून घेत आहे. एकाच पदाची चाल नगरच्या घरात एक आणि महूच्या घरात दुसरी असते. मूळ कोणती हे ठरविण्यापेक्षा दोन्ही लिहून ठेवणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्या घरांनी ज्या चालीत दुःखाच्या रात्री काढल्या, तीच त्यांच्यापुरती मूळ चाल.

पुस्तकात स्वरलिपी द्यावी की नाही हे अद्याप ठरलेले नाही. हार्मोनियम वाजविणाऱ्यांसाठी ती उपयोगी पडेल, म्हणून माझा कल देण्याकडे आहे.

मुलांसाठी काही लिहिणार आहात का?

होय. येशूच्या दाखल्यांवर आधारित एक लहान पुस्तक चित्रकाराच्या हाती आहे. पेरणाऱ्याचा दाखला माळव्याच्या काळ्या जमिनीत घडतो, हरवलेल्या नाण्याच्या दाखल्यातील बाई छावणीतल्या एका खोलीत केरसुणी घेऊन शोधते, आणि चांगल्या शोमरोन्याची वाट महूच्या घाटातून जाते. दाखल्याचा अर्थ शेवटी सांगून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. या पुस्तकात तो सांगितलेला नाही. येशूने बहुतेक वेळा गोष्ट सांगून ती ऐकणाऱ्यावर सोपविली, आणि मुले ती पेलू शकतात असा माझा विश्वास आहे.

पुस्तक सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मराठी वाचता न येणाऱ्या मुलांना आजी-आजोबांनी वाचून दाखवावे, अशी त्याची वाक्ये आहेत.

पंडिता रमाबाईंवर लिहिणार असल्याचे ऐकले. ते खरे आहे का?

खरे आहे, मात्र ते चरित्र असणार नाही. रमाबाईंची चरित्रे आहेत आणि त्यांचे स्वतःचे लेखनही आहे. मला ज्या गोष्टीचे आकर्षण आहे ती केडगावच्या मुक्ति मिशनमधील छापखान्याची आहे. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी केले, आणि त्या भाषांतराचे खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम तेथील स्त्रियांनी केले. त्यांतील कित्येक जणी दुष्काळातून वाचलेल्या किंवा लहानपणीच विधवा झालेल्या होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमा १९२१ मध्ये गेली, स्वतः रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९२४ मध्ये.

ज्या मुलीला घरच्यांनी अक्षरापासून दूर ठेवले, तिने खिळ्यांच्या पेटीतून एकेक अक्षर उचलून उत्पत्तीचा पहिला अध्याय जुळविला, या घटनेपुढे मी अजून थक्क होऊन उभी आहे. त्यावर कादंबरी होईल, दीर्घ निबंध होईल की नाटक होईल, हे कळायला वेळ लागेल. तोवर त्या काळच्या छपाईची माहिती मी गोळा करीत आहे. खिळे सोडविणे, फर्मा बांधणे, मुद्रितशोधन या कामांचे बारकावे कळल्यावाचून त्या स्त्रियांच्या हातांविषयी लिहिता येणार नाही.

सिस्टर राणी मारिया यांच्याविषयी लिहाल का?

इंदूर धर्मप्रांतातील उदयनगर भागात भूमिहीन आणि कर्जबाजारी आदिवासींसाठी त्यांनी काम केले, २५ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रवासात असताना त्यांची हत्या झाली आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात त्यांना ‘धन्य’ (कॅथलिक परंपरेत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने त्याला राखी बांधली, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. ख्रिस्ती क्षमेविषयी माझ्या आयुष्यात मी पाहिलेले याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. तरीही त्यांच्यावर पुस्तक लिहिण्याचा माझा विचार नाही. त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडलेली माणसे आज हयात आहेत; ते लिहिण्याचा अधिकार आधी त्यांचा आहे, आणि त्यांनी तो वापरावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुमच्या पुस्तकांचा हेतू धर्मप्रसार आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयी १९६८ पासून कायदा आहे, २०२१ मध्ये नवा कायदा झाला, आणि या विषयाची चर्चा घराघरांत होते; तेव्हा वाचकाच्या मनात हे येणे स्वाभाविक आहे.

मी ख्रिस्ती आहे, उत्तर भारतीय मंडळीची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) सभासद आहे, आणि येशू ख्रिस्तावर माझी जी श्रद्धा आहे ती माझ्या प्रत्येक पानावर असणार. ती लपवून लिहिले तर ते लेखन खोटे होईल. पण कादंबरीतील माणसाला मी वाद जिंकण्यासाठी उभे करीत नाही. माझ्या कथेत ज्या घराने मुलीला बाहेर काढले त्या घरातील आईचे दुःखही तितक्याच मायेने लिहिलेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने मराठी वाचकाला एक गोष्ट दाखवून दिली : पतीच्या धर्मांतराने कोसळलेली एक सनातनी घरातली बाई आणि पुढे स्वतः ख्रिस्ती झालेली बाई ही एकच असू शकते, आणि दोन्ही काळांतले तिचे बोलणे सारखेच प्रामाणिक असू शकते. ते पुस्तक सर्व धर्मांच्या मराठी माणसांनी आपले मानले. माझ्या वाचकांत हिंदू, जैन, बौद्ध, मुसलमान असे सर्व आहेत आणि त्यांतील कोणालाही पुस्तक मिटताना आपला अपमान झाला असे वाटू नये, ही जबाबदारी मी स्वीकारलेली आहे.

कादंबरी केव्हा प्रसिद्ध होईल? तिचे नाव काय?

तारीख देता येणार नाही आणि नाव ठरलेले नाही. पहिला मसुदा पूर्ण झाला असून त्याचे पुनर्लेखन चालू आहे.

प्रकाशनाविषयी इतके सांगता येईल की पुस्तक महाराष्ट्रात छापले जावे असा माझा प्रयत्न आहे. येथील छापखाने चांगले आहेत, परंतु अक्षरजुळणी करणाऱ्यांचा हात हिंदीचा असल्याने ‘ळ’च्या जागी ‘ल’ पडणे आणि ‘ऱ्या’ चुकीचा येणे असे दोष मुद्रितात फार येतात, आणि ते काढता काढता मूळ मजकुराकडे लक्ष देणे कठीण होते.

ई-पुस्तक किंवा हिंदी अनुवाद निघेल का?

ई-पुस्तक छापील पुस्तकाबरोबरच निघावे अशी इच्छा आहे. हिंदी अनुवादाची मागणी येथील मंडळ्यांतून बरीच होते आणि ती रास्त आहे. तो मी स्वतः करणार नाही, पण अनुवादकाशेजारी बसून काम करायला मला आवडेल.

हाती इतकी कामे आहेत. ती अपुरी राहिली तर?

माझे वय पाहून काही वाचक हे प्रेमाने विचारतात. नारायण वामन टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य त्यांच्या १९१९ मधील निधनामुळे अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. माझी योग्यता त्या दोघांच्या जवळपासही नाही, पण त्यांच्यापासून एक व्यावहारिक गोष्ट मी घेतली आहे. प्रत्येक पुस्तकाची टिपणे, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे आणि पदांच्या वह्या मी अशा रीतीने लावून ठेवते की दुसऱ्या कोणाला त्या उचलून काम करता यावे. कोणते टिपण कोणी सांगितले, कोठे सांगितले आणि ते छापण्यास त्यांची संमती आहे की नाही, हे प्रत्येकावर लिहिलेले असते.

वाचक या कामात काही मदत करू शकतात का?

नक्कीच, आणि ती मला हवी आहे. आपल्या घरात मिशनच्या शाळेत, दवाखान्यात किंवा बायबलवाचक म्हणून काम केलेली आजी, पणजी, आत्या असेल, तर तिचे पूर्ण नाव, माहेरचे गाव आणि कामाचे ठिकाण एवढे तरी मला कळवावे. जुने छायाचित्र, नेमणुकीचे पत्र, हाताने लिहिलेली पदांची वही, बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, यांतील काहीही उपयोगी आहे. मोडी कागद असल्यास तेही चालतील; ते मला वाचता येतात. मूळ वस्तू टपालाने पाठवू नयेत. मोबाइलवर भर उजेडात, पान सपाट ठेवून छायाचित्र काढावे, पानाच्या चारही कडा त्यात याव्यात आणि मागच्या बाजूस काही लिहिलेले असेल तर तिचेही छायाचित्र घ्यावे. जी चाल फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांना येते, ती त्यांच्याकडून या नाताळच्या आत म्हणवून घेऊन ध्वनिमुद्रित करावी. पूर्ण आठवत नसली तरी धृपद तेवढे घ्यावे.

पुस्तकात नाव छापावे की नाही, हे त्या कुटुंबाच्या इच्छेवर राहील.